पेन्शनचा अर्ज

बेचाळीसच्या चळवळीत माझा थोरला भाऊ भूमिगत झाला, आणि त्याच दिवसांत वडील मास्तरकीतून निवृत्त झाले. त्यांना नीट दिसत नसे, म्हणून पेन्शनचा अर्ज द्यायला खालापूरच्या कचेरीत मीच त्यांना घेऊन गेले. दारात पोलीस उभा होता.

अर्ज वाचता वाचता कारकुनाने विचारलं, "मास्तर, तुमचा मुलगा कुठं असतो हो?"

दोनच दिवसांपूर्वी भाऊ आमच्याकडे जेवून गेला होता.

"घर सोडून गेलाय. मला ठाऊक नाही," वडील म्हणाले. मी त्यांना प्रथमच खोटं बोलताना ऐकलं.

कारकुनाने अर्ज ठेवून घेतला. बाहेर वडिलांचा पाय काही केल्या वहाणेत जाईना; शेवटी वहाणा मीच चढवल्या.

पेन्शन पुढे मंजूर झाली. तरी पोस्टमनने हाक मारली, की ते आधी मला खिडकीतून बघायला सांगत.