डॉक्टरांची खोली रिकामी होणार नाही

वत्सलाबाई गेल्याचं मला आमच्या दारव्ह्याच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग... आणि मध्येच एका सभासदाचा निरोप : 'आता खोलीचं बघून घ्या.' महिना होत आला, पण त्या माणसावर मला रागावता येत नाही. दोन वर्षांपूर्वी हेच मी ठरावाच्या भाषेत लिहिलं होतं.

वाचनालयामागच्या त्या खोलीत पूर्वी एका ज्यू डॉक्टरांचा दवाखाना होता. हिटलरच्या जर्मनीतून ते एकटेच निसटले. मागे राहिलेलं सगळं घर छळछावण्यांत मारलं गेलं. वत्सलाबाईंची आई त्यांच्याकडे सुईण होती. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी आपली पेटी तिच्या हवाली केली. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर वत्सलाबाईंनी त्या पेटीतले फोटो, पत्रं, पासपोर्ट मांडून तिथे संग्रहालय उभं केलं. पाटीसुद्धा स्वतःच रंगवली.

आम्हाला तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका हवी होती. वाचनालयाचा सचिव मी. ठराव लिहिला आणि सामान हलवायला चार माणसं घेऊन मीच गेलो. बाई दारात स्टूल टाकून बसल्या होत्या.

"या सर. पेटीसंग मले बी उचला. वजन जास्त नाही माहं, अर्धं तं शुगरनं नेलं."

माणसं हसली. मी म्हणालो, "बाई, पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे. जर्मनीत घडलं त्याच्याशी आपल्या गावाचा काय संबंध?"

"माह्या मायची नाडी इथल्या वैद्यानं विटाळ नको म्हणून फडकं टाकून पाह्यली होती. डॉक्टरनं तिचा हात हातात घेतला. हा संबंध." मग माझ्याकडे बोट करून, "अन् तुमी तं इतिहास शिकवता ना? हिटलर पाहिजे होता, देश सरळ झाला असता, असं वर्गात सांगता. माही नात घरी येऊन सांगते. पोरायचं भविष्य तुमी कायले बिघडवून राह्यले?"

खरं होतं ते. वीस वर्षं मी त्या वाक्यावर टाळ्या घेतल्या... मी तसाच परत फिरलो. पण ठराव मागे घेतला नाही, बाईंची माफीही मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिलो. त्या मात्र अंगात ताप असला तरी रोज सकाळी दार उघडून बसत.

परवा वर्गात मुलांसमोर कबूल केलं, की मी चुकीचं शिकवलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं. फुटू दे. खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. नातीनंच आणून दिली. म्हणाली, "आजी म्हने, सरले द्या. त्यायले लाज वाटून राह्यली, ते सांभाळतीन."

रविवारी सभा आहे. जुना ठराव रद्द करावा असा अर्ज मी दिलाय. बहुमत माझ्याकडे नाही. पण सभेची जागा सचिव ठरवतो, आणि सभा मी त्याच खोलीत बोलावली आहे. बाईंची एक रीत होती : आत येणाऱ्यानं डॉक्टरांच्या कुटुंबाच्या फोटोखालची अकरा नावं मोठ्यानं वाचायची, अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. ती वाचल्याशिवाय रविवारी कुणालाही खुर्ची मिळणार नाही... अध्यक्षांनाही नाही.