भोक न पाडलेली पिंपं

रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. आमचा माल परदेशी जातो. तिकडे त्याचं पुढे काय होतं, मला आजही नीट ठाऊक नाही. घेणाऱ्यांची एक अट मात्र पाठ आहे: रसायनाचं रिकामं पिंप धड गेटबाहेर जायचं नाही. तळाला भोक पाडायचं, चेपायचं आणि तसा दाखला जोडायचा. दाखल्यावर सही माझी असते.

भोक मी सगळ्यांना पाडलं नाही.

धाकटी बहीण पेण तालुक्यात, गागोद्याला दिलेली. उन्हाळ्यात त्यांची विहीर तळ गाठते. एका भाऊबीजेला मी तिच्यासाठी निळं, जाड पिंप नेलं. नेण्याआधी साबणाने दोनदा धुतलं. लेबलावर कवटी होती, ती ब्लेडने खरवडली.

शेजारीण म्हणाली, "अगो, लोकांचे भाऊ साडी आणतात, तुझ्या भावानं तलाव आणला!" पुढच्या वर्षी तिनेच मागितलं. मग आळीतल्या सगळ्यांनी. मी नेत गेलो. मान मिळायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा परदेशी तपासनीस आले. त्यांनी दाखल्यांची फाईल चाळली, माझ्याशी हात मिळवला. पिंपं कुणी पाहिली नाहीत. त्याच रविवारी मी बहिणीकडे गेलो. तिने तांब्या पुढे केला.

"उन्हात वास मारतं रे पाणी. मी तुळस टाकते."

तिच्या बोटांची सालं निघालेली. डॉक्टर साबण बदलायला सांगत होता म्हणे. माझ्याने तांब्या उचलवेना.

"हे पिऊ नको. या पिंपातून कंपनीत विष यायचं."

"तुला कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्यापासून."

तिने गोठ्यातून पहार आणली, माझ्यापुढे टाकली. मी पिंप आडवं करून तळात पहार घातली. पाणी अंगणातून वाहत खाली विहिरीच्या वाटेला लागलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

मग तिने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. दारोदार निळी पिंपं उभी होती.

"आता तूच जा. मी नाय येणार."

पहार घेऊन मी पहिल्या दारात गेलो. तीच शेजारीण पिंपातून हंडा भरत होती. मला बघून हसली.

"या दादा! पहार कशाला? यंदा खड्डा खणून पिंप पक्कं बसवून देताय व्हय?"