केबलवरचे मिक्सर आणि एक निनावी फोन

काही प्रकरणं फाईल बंद झाली की विसरली जातात. कोपरच्या त्या बाईचं प्रकरण मात्र मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा डोंबिवलीत सबइन्स्पेक्टर होतो आणि गुन्हे शोधक पथक माझ्याकडे होतं. घरोघरी केबल आली होती. केबलवाला रोज एखादा सिनेमा लावायचा आणि पडद्याच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकत राहायची. क्लासेस, केटरर, साड्यांचे सेल. माणूस घरबसल्या नंबर फिरवायचा आणि वस्तू दारात यायची.

त्याच सुमारास एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं गोदाम फुटलं. कारखाना मिक्सर बनवायचा. सुट्टीच्या दिवशी कुलूप तोडून चोरट्यांनी टेम्पोभर माल उचलला होता. मिक्सरवर कंपनीचं स्टिकर लावायचं बाकी होतं, त्यामुळे माल ओळखणं अवघड. मालकाची फिर्याद घेतली, पंचनामा केला, भंगारवाले आणि चोरबाजाराचे दलाल तपासले. हाती काही लागेना.

मग पोलीस ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने नाव विचारलं तर समोरच्याने सांगितलं नाही. "कोपरला एक बाई केबलवर मिक्सर विकते. दुकानापेक्षा स्वस्त. एवढ्या स्वस्तात कुठून आणते, विचारा तिला."

मी महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन जीपने तिथे गेलो. चाळीत दोन खोल्या. नवरा कामाला होता ती केमिकल कंपनी बंद पडलेली, घरात सासू, आणि पलंगाखाली मिक्सरचे खोके. रंग आणि घडण चोरीच्या मालासारखीच. कारखान्याच्या मालकाला बोलावून दाखवले तर तो म्हणाला, "साहेब, छोट्या कारखान्यांच्या बॉडी एकाच साच्यातल्या असतात. आमचेच असतील, नसतीलही. आतल्या मोटारीचे नंबर जुळवायचे तर खरेदीची जुनी बिलं शोधावी लागतील."

बाईकडे सुटे भाग आणून मिक्सरची जुळणी करणाऱ्या ठाण्याच्या एका माणसाची बिलं होती. पण तो माणूस गावी गेलेला, गाळ्याला कुलूप. बिलं खरी की खोटी, सांगणार कोण? तो परत येईपर्यंत एकही मिक्सर विकायचा नाही असं बजावून मी तिच्या घरीच जबाब घ्यायला बसलो.

बाई तिशीची. माहेर बाळकुमच्या कोळ्यांचं. आईबरोबर ठाण्याच्या बाजारात मासळी विकत मोठी झालेली. घाबरलेली होती, पण बोलणं सरळ होतं.

"मिक्सरच का?" मी विचारलं.

"पहिलं साड्या आणणार होते. पन साडी हातात घेतल्याबिगर बाई पैसे काढीत नाय. पदर बघनार, रंग उजेडात बघनार. फोनवर कशी विकू? मिक्सरचं तसं नाय. किती भांडी, गॅरंटी किती, एवढं सांगितलं की झालं."

"आणि भाव?"

"गाळ्यावरचा भाव. रिक्षा. केबलवाल्याचे. एखादा बिघडून परत येतो, त्याचं थोडं. वर माझी मेहनत. दुकानाचं भाडं मला नाय, तेवढाच मी स्वस्त."

मी जरा खडा टाकून पाहिला. म्हटलं, "माझ्या घरी एक हवाय. पन्नास रुपये कमी करा."

तिने पदराने तोंड पुसलं. "नाय साहेब."

सासू आतून ओरडली, "अगो, पोलीस हाय तो! दे ना!"

"दहा कमी करीन. पन्नास केले तर घरातून घालवायला लागतील. तुम्ही मला आत टाकलं तरी तेवढ्यात नाय परवडत."

इतकी वर्षं आरोपी बसवून विचारपूस केली होती. चोरीचा माल विकणारा पोलिसाला वस्तू फुकट द्यायला तयार असतो. या बाईचा हात एका ठिकाणी येऊन अडत होता आणि तो का अडतो, ते ती सांगू शकत होती. माल तिने पैसे मोजून घेतलाय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मग प्रश्न उरला तो फोनवाल्याचा. मी विचारलं, "केबलवर आणखी कोणी मिक्सर विकतं का?"

"हाय ना. कल्यानचा नंबर हाय. महिना झाला नसंल. माझ्यापेक्षा कमी लावतो. मी सणाला भाव उतरवला, तर त्याने दुसऱ्याच दिवशी उतरवला. त्याला परवडतं कसं, तेच कळत नाय."

मला हवं होतं ते मिळालं. हा माणूस स्वतःचा खर्च बघून नाही, तर हिची पट्टी बघून भाव ठरवत होता.

सरळ छापा घातला असता तर एखाददुसरा खोका मिळाला असता आणि बाकीचा माल गायब झाला असता. म्हणून आधी कारखान्याच्या मालकाकडून एक मिक्सर बनवायला किती खर्च येतो ते विचारून घेतलं. मग आमच्या महिला शिपायाला साध्या साडीत स्टेशनजवळच्या पीसीओवर नेलं आणि कल्याणच्या त्या नंबरवर फोन लावायला सांगितला. मी शेजारी उभा होतो.

"भाऊ, जरा कमी करा ना," ती म्हणाली.

त्याने केले. "अजून थोडे?" तेही केले.

"नणंदेलापण पाहिजे. दोन घेतले तर?"

"ताई, तुम्ही बोला ना कितीला पाहिजे. आपल्याला माल काढायचाय, बस."

शेवटी ठरला तो भाव कारखान्याच्या खर्चाच्याही खाली होता. तिने रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी कल्याणला, ठरलेल्या सोसायटीच्या फाटकाशी तो रिक्षातून दोन खोके घेऊन उतरला. आम्ही पंचांसह थांबलो होतो. कारखान्याचा मालक त्याला बघताच म्हणाला, "अरे, हा तर आमचा सेल्समन! दिवाळीनंतर सोडून गेला होता." गोदाम कधी रिकामं असतं, रखवालदार कुठे जातो, सगळं त्याला ठाऊक होतं. त्याची खोली उघडायला लावली तेव्हा छतापर्यंत माल रचलेला होता. मिक्सर उलटे करून उघडले. आतल्या मोटारींचे नंबर मालकाने तोवर शोधून काढलेल्या खरेदीच्या बिलांशी जुळले. मुद्देमाल जप्त झाला, साथीदारही त्याच आठवड्यात मिळाले.

विचारपूस करताना त्याने फार वेळ घेतला नाही.

"फोन तूच केलास ना?"

"हो साहेब."

"का? तुझा माल तर तिच्यापेक्षा स्वस्त होता."

तो वैतागून म्हणाला, "तरी लोक तिलाच फोन करायचे! बिघडला तर बदलून देते म्हणून. ती बंद झाल्याशिवाय माझा माल हलत नव्हता."

आधी भाव पाडून झाला, तेवढ्याने जमलं नाही म्हणून त्याने तिच्या दारात पोलीस पाठवले होते.

ठाण्याचा जुळणीवालाही परतला, बिलं खरी निघाली. मी बाईला निरोप पाठवला की तुमच्यावरचा संशय दूर झालाय, धंदा सुरू करा. निरोप घेऊन गेलेला हवालदार उलटा निरोप घेऊन आला. बाई म्हणाली होती, "साहेबांची गाडी दारात उभी राहिली ती आख्ख्या चाळीने बघितली. तेव्हापास्नं एक फोन येत नाय. शेजारीन पोरांना माझ्याकडे पाठवीत नाय. आता निर्दोष हाय हे सांगायलापन गाडी घेऊनच या."

हवालदाराला ते आगाऊपणाचं वाटलं. मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं.

रविवारी सकाळी, सगळी घरी असताना, मी गणवेशात जीप घेऊन गेलो. चाळीच्या मधोमध उभा राहिलो, लोक कठड्याशी जमेपर्यंत थांबलो आणि मोठ्याने सांगितलं की चोर कल्याणला सापडलाय, या बाईंचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्यांचा माल त्यांच्या कष्टाच्या पैशाचा आहे. बाई दारात उभी होती. तिने हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि सासूला म्हणाली, "चहा टाका साहेबांना." मी बसून तो चहा घेतला.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी हे प्रकरण सांगत आलो. निनावी फोन आला की ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या घरी जरूर जा, पण तो माणूस बाजूला झाला तर कोणाचं भलं होणार, हे त्याच दिवशी शोधायला लाग. आणि तपासात माणूस निर्दोष ठरला, तर ते नुसतं कागदावर लिहून थांबू नकोस. ज्यांच्यादेखत त्याच्या दारात गेलास, त्यांच्यादेखत परत जा.