हिलाल सुकदेवचा निरोप

लोटनआबाला खोटं बोलता येत नव्हतं. धुळ्याच्या कोर्टाबाहेरचे लोक हे कौतुकानं सांगायचे. मी कौतुकानं सांगत नाही. त्या माणसाला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, अर्धं खरं गिळता आलं असतं तर एक पोरगं वाचलं असतं. आणि माझं काय? मी तर शिकलेला, कोर्टाचा कारकून, 'रुपचंदभाऊ, रुपचंदभाऊ' करत लोक हात जोडायचे. शिकलेलं गाढव, दुसरं काय!

लोटनआबा न्हावी मूळचा पारोळ्याकडच्या एका खेड्यातला. पन्नाशी ओलांडल्यावर धुळ्याला आला आणि कोर्टासमोरच्या निंबाखाली धोकटी उघडून बसला. दोन पाट, पारा उडालेला आरसा आणि वस्तरा, एवढाच संसार. जीभ मात्र वस्तऱ्याच्या वरताण. एखादा वकील दाढी करताना चुळबुळला की म्हणायचा, "वकीलसायेब, हालू नका. आते गळा तुमना शे, पक्षकारना नही."

गावाकडं न्हावी नुसता न्हावी नसतो. लग्नाचं बोलावणं, बाळंतिणीची खुशाली, मेल्याची खबर, सगळं त्याच्या तोंडून जातं. आबानं तीस वर्षं हे काम केलं आणि त्याचे नियम त्याला देवाच्या नियमांपेक्षा मोठे. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. ज्याच्यासाठी निरोप आहे त्यालाच तो द्यायचा. आधी धाडणाऱ्याचं नाव, मग त्याचे शब्द, जसेच्या तसे. निरोप खुशालीचा असला तर सांगून झाल्यावर बसायचं, पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मयताचा असला तर बसायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, सांगून तसंच मागं फिरायचं. म्हणून दारात न्हावी दिसला की बाया आधी एवढंच बघायच्या, हा टेकतो की उभाच राहतो.

"आनि नाव सांगानंच," तो मला बजावायचा. "बिननावना निरोप म्हंजे चहाडी, भाऊ. मी चहाडखोर नही."

ऐकायला किती बरं वाटतं नाही? मलाही वाटायचं.

पांझरेच्या पलीकडं तेव्हा 'सन्मार्ग सदन' नावाचं पोरांचं घर होतं. घर कसलं, डोंबल! कुणी खिसा कापलेला, कुणी घरातून पळालेला, कुणी स्टेशनावर नुसताच बेवारशी सापडलेला, अशी पोरं कोर्ट तिथं सुधारायला धाडायचं. धाडायच्या हुकमावर अक्षर माझं असायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोटनआबा तिथं जाऊन सगळ्यांची डोकी करायचा. पोरांनी न्हाव्याशी बोलायचं नाही अशी ताकीद होती. अभिमन नावाचा जमादार वेताची छडी घेऊन समोर उभा असायचा.

तोंडं बंद केली तरी डोकी कुठं गप्प बसतात? वस्तरा फिरला की सगळं उघडं पडायचं. कुणाच्या टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ, कुणाचा कान मुळाशी फाटून वाळलेला. पहिल्या वेळी आबाला वाटलं, पोरं आहेत, भांडली असतील. दुसऱ्या वेळी तसं वाटेना. सन चोपन्नच्या पौषात तिसऱ्या वेळी हिलालचं डोकं त्याच्या गुडघ्यांत आलं.

हिलाल धरणगावचा, बारा वर्षांचा. भुसावळच्या रेल्वे यार्डात इंजिनांखाली सांडलेला कोळसा वेचताना पकडलेला. त्याचा बाप सुकदेव धरणगावच्या कापसाच्या जिनात कामाला. पोरगं सरकारी शाळेत आहे, सुतारकाम शिकतंय, असं त्या बिचाऱ्याला सांगितलेलं. हिलालच्या डाव्या कानामागं विडीनं डागल्याच्या पाच खुणा होत्या. दोन ओल्या. आबाचा वस्तरा थांबला. अभिमन विडी पेटवायला वळला होता. तेवढ्यात ते पोरगं खाली मान घालून पुटपुटलं, "आबा, मना बापले सांगजो. माले आठून ली जा. आते मार सहन व्हत नही."

आबा तिथून थेट माझ्याकडं आला. तोंड धुवायलाही थांबला नव्हता, मनगटाला केस चिकटलेले. धरणगावची एस.टी. कधी आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी झालो शहाणा! म्हटलं, "आबा, बापाला सांगून काय होणार? कोर्टाच्या हुकमाशिवाय तो पोराला हात लावू शकत नाही. देखरेख कमिटीचे अध्यक्ष आपले मॅजिस्ट्रेटसाहेबच आहेत. उद्या त्यांनाच सांग. एका दिवसात पोरगं बाहेर येईल."

"पन निरोप बापना नावना शे," आबा म्हणाला.

"अरे बाबा, पोरगं सुटणं महत्त्वाचं की तुझा नियम?"

मनगटाला चिकटलेले केस त्यानं एकेक करून काढले. मग म्हणाला, "तुम्ही शिकेल शेतस भाऊ. तुम्ही म्हनतस ते खरं व्हई."

माझ्यावर ठेवलेला हा विश्वास मला आजही खातो.

दुसऱ्या दिवशी आत जाण्याआधी मी त्याला बजावलं, "पोराचं नाव घेऊ नकोस. 'एक पोरगा' एवढंच म्हण." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चोरीच करायला सांगितली होती. मीही सोडून दिलं. वाटलं, साहेबांच्या कानावर नाव गेलं तर बिघडलं कुठं? साहेब थोडेच त्याला डागणार आहेत?

आबा साहेबांच्या दाराच्या चौकटीबाहेर ताठ उभा राहिला. साहेबांनी "आत ये" म्हटलं तरी हलला नाही. "सन्मार्ग सदनमाना हिलाल सुकदेवना निरोप शे," तिथून सुरुवात करून त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही.

साहेब वाईट नव्हते हो. वाईट असते तर आज शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "लिहून घ्या." मी लिहिलं. 'एका मुलाने' असं मला लिहिता आलं असतं. माझ्या हातात टाक होता, आबाच्या नव्हता. पण तक्रारीच्या कागदावर तक्रारदाराचं नाव हवंच, ही बावीस वर्षांची सवय. 'हिलाल सुकदेव, राहणार धरणगाव, वय बारा.' माझं अक्षर सुरेख होतं, सगळी कचेरी म्हणायची.

साहेबांनी सही केली आणि समासात शेरा मारला: 'सुपरिंटेंडेंट, सन्मार्ग सदन, यांजकडे अभिप्रायासाठी.'

"साहेब," मी चाचरत म्हणालो, "त्यांच्याचविरुद्ध तक्रार आहे."

"म्हणूनच त्यांचं म्हणणं घ्यायला नको का? पद्धत आहे ती, रुपचंद."

कुंपणानं शेत खाल्लं, म्हणून कुंपणालाच विचारायचं, का रे बाबा, खाल्लंस का? ही आमची पद्धत! आणि मी काय केलं? तोंडात मूग धरून कागदावर जावक क्रमांक घातला आणि शिपायाच्या हाती दिला. कागद दाबून ठेवायची आमच्या कचेरीची ख्याती. वर्ष वर्ष आम्ही कागद दाबलेत. हा एकच कागद मी त्याच दिवशी पाठवला, काम तातडीचं म्हणून. वा रे कामसू!

कमिटीची भेट त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ठरली, रीतसर कळवून. मी साहेबांबरोबर वही घेऊन गेलो. पटांगण सारवलेलं, पोरांच्या डोक्यांना तेल, अंगात धुतलेले सदरे. हिलालला पुढं उभं केलं. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. हडकुळा, मोठ्या डोळ्यांचा. हात पाठीमागं धरलेले.

"तुला इथं कुणी मारतं का?" साहेबांनी मायेनं विचारलं. दोन हातांवर अभिमन जमादार उभा.

"नाही साहेब. मी खोटं बोललो," हिलाल म्हणाला. शाळेतली कविता म्हणावी तसं, घडाघडा, शुद्ध मराठीत. ती भाषाच त्याची नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं. साहेबांच्या आलं का, माहीत नाही.

"हात दाखव बघू," एवढं जरी मी म्हटलं असतं! कारकुनानं बोलायचं नसतं.

सुपरिंटेंडेंट हसून म्हणाले, "साहेब, न्हाव्याचा उकिरडा किती उकरला तरी केसच निघणार. त्याच्या गप्पा काय ऐकता?" सगळे हसले. चहा झाला. मी वहीत 'तक्रार निराधार' असं लिहिलं. लोटनआबाचं सदनातलं काम त्याच दिवशी बंद झालं.

संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. धोकटी आवरता आवरता एवढंच म्हणाला, "ज्याना निरोप त्याले दिन्हा नही. चुकनं मनं. सकाळे जास मी धरणगावले."

शनिवारी सकाळच्या गाडीनं तो गेला. तिथं काय घडलं ते त्यानंच मला सांगितलं. सुकदेव जिनात होता. घरी एकटी हिलालची आई, सुंदरबाई. आबा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तिनं 'बसा' म्हटलं, तो बसला नाही. तिनं पाणी पुढं केलं, त्यानं घेतलं नाही. बापाचा निरोप बापाला देईपर्यंत बसायचं कसं? पण त्या माउलीनं खांद्यावरची धोकटी पाहिली, उभे पाय पाहिले आणि काळीज फाटेल असा हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. ती जमिनीवर डोकं आपटायला लागली.

तेव्हा त्या माणसानं तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून नियम मोडला. निरोप न देताच तो मटकन उंबऱ्यावर बसला. तिच्या हातातला सांडलेला तांब्या उचलून उरलेलं पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "माय, तुना पोऱ्या जित्ता शे! देख, मी पानी पिनू. लोटन न्हावीना शब्द शे, जित्ता शे."

ती रडता रडता हसली म्हणे. तिनं त्याला गूळ दिला. तोही त्यानं खाल्ला.

सुकदेव जिनातून आला, भुवयांवर कापसाचा भुगा तसाच. दोघं रविवारी सकाळी धुळ्याला उतरले आणि मला घेऊन सदनाच्या फाटकाशी गेले. अभिमन जमादारानं फाटक उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "काल दुपारी पळून जात होता. विहिरीत पडला. सिव्हिलला जा."

काल दुपारी. आबा धरणगावात पाणी पीत होता, त्याच सुमाराला.

सिव्हिल हॉस्पिटलात सुकदेवनं पोराच्या अंगावरची चादर एकदा उचलली आणि परत नीट घातली. पोराचे हात मला दिसले. दहा बोटांतल्या किती बोटांना नखं होती ते मी सांगणार नाही. 'पळून जाताना अपघात' असा पंचनामा झाला, खाली पाच सह्या. हे कागदसुद्धा पुढं माझ्याच टेबलावरून दप्तरात गेले. सुपरिंटेंडेंट दोन वर्षांनी बढतीवर गेले. अभिमन पेन्शनीत निघाला. काही म्हणता काही झालं नाही.

पांझरेच्या काठावर पोराला पोचवलं. राख थंड होईस्तोवर सुकदेव तिथंच बसणार होता. तो आबाला म्हणाला, "मी तिले कसं सांगू? तूच जाय, आबा."

मयताची खबर नेणं न्हाव्याचं कामच. आबा नाही म्हणाला नाही. मी म्हटलं, मीही येतो. निदान तेवढं तरी. सबंध वाटेत तो एकदाच बोलला, "नाव कोणं सांगू, भाऊ? निरोप धाडनारं कोन शे?"

सोमवारी उन्हं वर आल्यावर आम्ही सुंदरबाईच्या दारात पोचलो. आबा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, रीतीप्रमाणे ताठ, खांद्यावर धोकटी. मी त्याच्या मागं. मनात म्हणत होतो, आता ती बघेल, समजेल, आता हंबरडा फोडेल.

ती धावत बाहेर आली. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या आणि डाव्या मुठीत गूळ. तोंडभर हसत म्हणाली, "बसा आबा, बसा. पोऱ्या कोठे शे? बापनासंगे मांगे ऱ्हायना का?"

आबा बसला नाही. त्यानं पाणी घेतलं नाही. तिनं तांब्या आणखी पुढं केला. त्यानं मान हलवली. तरी तिला कळेना, कारण तिनं त्याच्या पायांकडं पाहिलंच नव्हतं. लोटन न्हाव्यानं शब्द दिला होता, आता पाय कशाला बघायचे?

मग आबानं निरोप सांगितला. धाडणाऱ्याचं नाव त्यानं आधी घेतलं. "मना शे," म्हणाला. "निरोप मना शे, माय." आणि पुढचे शब्द सांगितले.

गल्लीतल्या बाया रडायला लागल्या. ती रडली नाही. तांब्या तसाच पुढं धरून ती त्याच्याकडं पाहत राहिली, आणि चुकलेलं समजावून सांगावं तशी हळू म्हणाली, "पन तुम्हीच सांगं ना आबा, जित्ता शे म्हनीसन."