सावली तुळशीला टेकेपर्यंत

"पोलिओ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मथी माझ्या मांडीवर होती. तिचा उजवा पाय त्यांनी हलकेच उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

मला तो शब्द माहीत नव्हता. मी विचारलं, "कधी उतरंल?" ताप उतरतो, सूज उतरते, तसंच हेही उतरत असेल असं मला वाटलं.

"ताप उतरलाय. आता प्रश्न पायाचा आहे," त्या म्हणाल्या. "पायाला हलायला सांगणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून निघतात. या रोगाने त्यातल्या काही मेल्या, काही नुसत्या दमल्या आहेत. दमलेल्या परत उठतील. पण जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं. ती स्वतःच्या पायांवर उभी राहील की नाही, हे मी आज सांगू शकत नाही."

म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं. दसरा नुकताच होऊन गेला होता. पुढच्या दसऱ्यापर्यंत, असं मी मनाशी धरलं.

ही हकीकत मी त्याच डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून लिहिते आहे. त्यांच्याकडे आजही अशी मुलं घेऊन आया येतात आणि मी बसले होते त्याच बाकावर बसतात. मी चौथी पास. त्यामुळे सांगते मी आणि लिहिते मथी. ती आता नववीत आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर त्या तिच्या.

आमचं गाव उरणजवळ, शेव्याच्या अंगाला. पुढे खाडी, मागे भाताची खाचरं, मध्ये मिठागरं. हिचे वडील मिठागरात कामाला. मथी तीन वर्षांची असताना तिला दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उभी केली, तर ती बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. मला वाटलं, थट्टा करते आहे, म्हणून मी हसले. त्या हसण्याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती.

उरणच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, आजच मुंबईला न्या. मोरा बंदरातून लाँच पकडून आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून थेट या डॉक्टरीणबाईंच्या इस्पितळात गेलो. तिथे त्यांनी लंबर पंक्चर केलं. म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून आतलं पाणी तपासायला काढतात. नाव ऐकूनच माझा धीर सुटला. पण सुईला पोर जेवढी रडली, त्याहून जास्त ती लाँचच्या भोंग्याला रडली होती. मग तीन आठवडे आयसोलेशन वॉर्ड. हा रोग दुसऱ्या मुलांना लागू नये म्हणून ती वेगळी खोली. मला काचेतून बघू द्यायचे. मी बाहेरून तोंडं वेडीवाकडी करायची आणि ती आतून हसायची. शेजारच्या खाटांवरची पोरंही हसायला लागली. शेवटी नर्सबाई मला म्हणाल्या, "बाई, रोज याच वेळेला येत जा."

घरी सोडताना पायाला स्प्लिंट बांधून दिलं. पाय वाकडा राहू नये म्हणून बांधलेली ती फळी. आणि फिजिओथेरपी शिकवली, म्हणजे पायाचा व्यायाम. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, टाच ताणायची. प्रत्येक प्रकार दहा वेळा, आणि दिवसातून चार वेळा.

इथे माझं चुकलं. आयांनो, नीट वाचा, कारण तुम्हीही हेच करणार आहात.

मी ठरवलं की हे सगळं मी एकटीच करीन. सासूबाई जवळ आल्या की मी म्हणायची, तुमच्या हाताने पाय मोडेल. ह्यांनी पोरीला उचललं की माझा जीव वर-खाली व्हायचा. शेजारणी विचारायला आल्या तर मी दार लोटून घ्यायची, कारण त्या "अरेरे" म्हणायच्या आणि ते मला झोंबायचं. घरचं काम, पाणी, चूल, आणि दिवसातून चार वेळा तो पाय. मथी रडायची, अंग आक्रसून घ्यायची. एका दुपारी ती टाच ताणू देईना आणि मी तिला चापट मारली. त्याच दुखऱ्या पायावर.

मग आम्ही दोघी रडलो. ती लवकर थांबली.

दोन महिन्यांनी दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मथीचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही वजनाच्या काट्यावर उभ्या राहा." मी म्हटलं, आजारी ही हाय, मी नाय. त्यांनी नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "झोप लागते? जेवता? तिला मारलंत का कधी?" तिसऱ्या प्रश्नाला मी खाली बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मथीची चिठ्ठी लिहिली आणि मग दुसरी एक लिहिली. "ही तुमची. हेही औषधच आहे, चुकवायचं नाही."

मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन औषधाच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. बऱ्याच वेळाने नंबर लागला. कंपाउंडरने मथीची बाटली दिली, माझी चिठ्ठी वाचली, परत वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे औषध खिडकीवर नाय मिळत. हे तुमच्या घरी मिळतं."

"आमच्या घरी कुठचं औषध? आमी उरणचे."

तेव्हा त्याने ते इंग्रजी मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. आईने रोज एक तास मुलीपासून दूर राहावे. त्या वेळात व्यायाम घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावा. बंद करू नये. रांगेतली माणसं हसली. त्याने तेच चिठ्ठीच्या खाली मराठीत लिहून दिलं आणि वर शिक्काही मारला. मला असा राग आला! खाडी ओलांडून आले, उन्हात उभी राहिले, आणि हातात काय, तर फिरायला जा! मी ती चिठ्ठी समुद्रात टाकणार होते. ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि घडी घालून टोपीत ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी ती टोपीतून काढली आणि सासूबाईंच्या पुढ्यात मला वाचायला लावली. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण शिक्क्याची ओळख होती. त्यांनी बोट फिरवून शिक्का बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "उपाशी पोटी घ्यायचा का जेवल्याव?"

ह्यांना हसू आवरेना. मला मात्र उत्तर द्यावं लागलं. म्हटलं, जेवल्यावर.

झालं. त्या दिवसापासून ते औषध सुरू झालं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तेव्हा तास मोजायचा कसा? सासूबाईंनी दोन दिवस अंगणात बसून माडाची सावली बघितली आणि ठरवलं: दुपारी सावली पायरी सोडून निघाली की हिराने घराबाहेर पडायचं, आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकली की परत यायचं. हिरा म्हणजे मी. हा तास कधी पाऊण तासाचा असायचा, कधी दीड तासाचा. ढग आले की सावलीच नसायची, आणि मग तर सासूबाई सांगतील तो तास.

पहिल्या दिवशी मी बांधावर जाऊन बसले आणि उठले. काय करायचं तेच कळेना. लगेच परत आले तर सासूबाई दारातच उभ्या. "काय गो? सावली बग कुठं हाय. औषद अर्धा ठेवू नये." आणि दार लावून घेतलं. माझंच दार, माझीच पोर, आणि मी बाहेर! मी फटीतून बघितलं. दहा मोजता यावेत म्हणून सासूबाईंनी दहा चिंचोके मांडले होते. गुडघा एकदा वाकवला की एक चिंचोका इकडून तिकडे. मथी हळूच एक चिंचोका लपवायची, म्हातारी शोधायची, नि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दहाच्या जागी वीस वेळा गुडघा वाकत होता आणि पोर रडत नव्हती, खिदळत होती.

खरं सांगू? मला आनंद झाला नाही. मला जळफळाट झाला. माझ्या हातात रडते आणि हिच्या हातात हसते! तो राग जायला चार-आठ दिवस लागले. मग लक्षात आलं की तिला संध्याकाळचा व्यायाम देताना मी आपसूक गुणगुणायला लागले आहे.

गुणगुणणं आलं ते काशीआजीकडून. काशीआजी आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्न भटजीपेक्षा धवलारणीच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर लागतं. तिचं घर आमच्यापासून चौथं. बांधावर बसून कंटाळले म्हणून मी तिच्या ओटीवर जायला लागले. तिनं "अरेरे" म्हटलं नाही. म्हणाली, "बसलीस तशी माज्या मागं म्हन." दुसऱ्या बायकांनीही हळूहळू वार वाटून घेतले. लावणीला आपण जसे एकमेकांच्या शेतात उतरतो, तशाच त्या मथीच्या पायावर उतरल्या. सोमवारी ही, मंगळवारी ती. "आज पायाची पाली माजी हाय," असं एकमेकींना सांगायच्या. मथीच्या पायाला गावात जेवढा मान होता तेवढा पाटलाला नव्हता.

उन्हाळा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मोठ्या इस्पितळात कोमट पाण्याच्या टाकीत व्यायाम देतात, पाण्यात अंग हलकं होतं. हे ऐकून ह्यांनी मिठागराकडे बोट दाखवलं. "आगरात पानी तापलाय. याच्यापरीस हलका कुठं हुईल?" मिठावर आलेलं, म्हणजे मीठ धरायच्या बेतातलं पाणी इतकं जड असतं की माणूस बुडवू म्हटलं तरी बुडत नाही. कंबरभर पाण्याच्या तळ्यात ह्यांनी मथीला उताणी ठेवली, मानेखाली हात दिला. ती तरंगली. आणि उजव्या पायाने पाणी उडालं.

वाऱ्याने उडालं असेल, मी म्हटलं. ह्यांनी तिला सांगितलं, "मार बापाला लाथ." आणि तिने मारली. आमच्या घरात बापाला लाथ मारल्याबद्दल त्या दिवशी गोड झालं.

डॉक्टरीणबाई ऐकून खूप हसल्या. मग बजावलं, अंगावर जखम नसेल तेव्हाच, डोळे सांभाळा आणि नंतर गोड्या पाण्याने आंघोळ घाला. तेही मी तुम्हाला सांगून ठेवते.

पावसाळ्यानंतर मांडीला बळ आलं, पण पिंढरी तशीच लुळी राहिली. तिथल्या नसा मेलेल्या होत्या. हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. वर्षापूर्वी मला ते ऐकवलं नसतं. त्यांनी कॅलिपर दिलं. चामड्याचे पट्टे, दोन लोखंडी सळ्या, खाली बूट. पाय ते धरून ठेवतं आणि माणूस चालतो. घरी नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. सासूबाईंनी कोयता, विळा, ह्यांचं मिठागरातलं फावडं पाटावर मांडलं आणि शेजारी कॅलिपर ठेवलं. त्यालाही हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. म्हणाल्या, "हा बी हत्यारच. ही पोर याच्याव पोट भरंल."

मथी भिंत धरून उभी राहायला लागली. दोन पावलं, मग चार. पण भिंत सोडायची नाही. वर्ष तर भरलं होतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी काशीआजीच्या ओटीवर धवला म्हणत होते. मधेच बाहेरून आवाज आला. टक. मग थांबून, टक. लोखंड दगडावर टेकल्याचा. मी वळून बघितलं. आमच्या घरापासून मथी येत होती. एकटी. एक हात शेजारच्या कुडाला, मग कूड संपला आणि हात मोकळा.

मी उठायला गेले. काशीआजीने माझं मनगट धरलं. "धवला मधीच तोडू नये. पुरा कर."

धवला अर्धा सोडला तर अपशकुन होतो, हे आमच्याकडे पोरालाही माहीत. मी बसले. आवाज फाटत होता, ओळी मागे-पुढे होत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी गात राहिले. मला धावून जाता आलं नाही, म्हणून तिला चालावं लागलं. दोनदा ती डगमगली. ओट्याखाली पोचली तेव्हा माझी शेवटची ओळ चालू होती.

"आये," ती धापा टाकत म्हणाली, "सावली टेकली. घरा चल."

मी तिला उचललं नाही. ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही घरी आलो. सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. अंगणात बघितलं तर सावली कुठे टेकली होती? तुळशीपासून चांगली हातभर लांब होती. लबाड पोरीला दम निघाला नव्हता, तासाच्या आधीच मला न्यायला आली होती.

सासूबाईंनी डोळे पुसले, सावलीकडे बघितलं आणि रस्त्याकडे बोट केलं.

"जा परत. औषद अर्धा ठेवू नये."

मग उरलेलं औषध घ्यायला आम्ही दोघी परत निघालो. टक, टक, टक. ती पुढे, मी मागे.