जहाजाच्या लसी आणि नाचणगावची माता

'आवश्यक त्या लसी टोचून घ्याव्यात.' हे वाक्य ज्या कोणी लिहिलं, त्याने माझं आयुष्य नासवलं! आवश्यक म्हणजे कोणत्या, एवढं लिहायला त्याचा हात मोडला होता का? हसू नका. चहा घ्या, पण हसू नका.

मुंबईहून एक जहाज निघणार होतं. देशोदेशीचे तरुण, थेट आफ्रिकेत मोंबाशापर्यंत प्रवास, आणि डेकवर बसून जगातली विषमता कशी मिटवायची याची चर्चा! वर्ध्याच्या आमच्या कॉलेजातून माझी निवड झाली, आणि निवडीच्या पत्रात ते वाक्य. आमच्या नाचणगावात नागपूर पाहिलेला माणूससुद्धा वर्षभर तेच सांगत फिरायचा. मी तर समुद्रापार निघालो होतो. फक्त लसी तेवढ्या ठरवायच्या होत्या.

कोणाला विचारणार? पुलगावच्या औषधवाल्याने बराच विचार केला. "जहाज लोखंडाचं असते ना भाऊ? मंग धनुर्वाताची तं पह्यले घेजो." कॉलेजातले सर म्हणाले, पीतज्वराची. तो काय असतो, ते त्यांनाही सांगता येईना. दारूगोळ्याच्या डेपोत कारकून असलेला माझा मामा तर भडकलाच.

"इचारत काय फिरून राह्यला बे? फौजेत एका लायनीत उभं करते अन् सगळ्याच ठोकते. मरते का कोनी?"

पटलं मला! वाट बघणं मला कधी जमलंय? शिवाय डोक्यात एक भव्य कल्पना आली. तेव्हा देवीच्या लसीची जीप गावात शिरली की निम्मं गाव कपाशीत लपायचं. मी पावसाळ्यापासून चार्ट टांगून लसीवर सभा घेत होतो. समोर बसायला दोन कुत्री. म्हटलं, आपणच पारावर बसून सगळ्या लसी एकदम घेऊ. गाव बघेल, भीती पळेल!

बसलो शर्ट काढून. देवी, कॉलरा, टायफॉइड, धनुर्वात! जीपमधले डॉक्टर कुरकुरले, पण त्यांनाही पुढचं गाव गाठायचं होतं. दंडावर जागा उरली नाही.

"बघा! काही झालं का मला?" मी गरजलो.

संध्याकाळी झालं.

ताप असा, की पाठीवर भाकर भाजून निघावी. सकाळी अंगभर पुरळ. आईने एकदा बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि मला, पोटच्या पोराला, हात जोडले!

"माता आली व बाई, माता!"

"अगं आई, रिअॅक्शन आहे ती!"

कोण ऐकतंय? दाराला कडुनिंब लागला. चुलीवरची फोडणी बंद झाली. आमच्याकडे अंगावर माता आली की आजारी माणूस उरतच नाही, तो स्वतःच देवी होतो. बाया येतात, पायांवर पाणी घालतात, दहीभात ठेवतात. गावातला एकमेव नास्तिक मी, आणि बाजेवर देवी होऊन पडलेला!

मुंबईच्या गाडीचा दिवस उजाडला. ताप होताच, पण मी उठलो, ट्रंक ओढत दारापर्यंत आलो. दारात शेजारची सखूकाकू आडवी. मागे सगळी आळी.

"माता अंगावर असताना गावाची शीव ओलांडत नसते बाप्पा! साऱ्या गावावर कोपते ते."

"माझी गाडी सुटेल हो काकू!"

"सुटू दे."

"जहाज निघून जाईल!"

"जाऊ दे. समुद्र काय आटून राह्यला?"

इथे माझा तोल गेला. ट्रंकेवर चढलो. डोळे लाल, अंग थरथरतंय, केस उभे. आणि जीव तोडून ओरडलो, "मूर्खांनो! तो कडुनिंब काढा! पोरांना लस टोचा, लस!"

मग सगळ्या बाया धाडकन माझ्या पायांवर!

"बोलली! माता बोलली!"

तेवढ्यात पुलगावकडून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. माझीच गाडी. मी ट्रंकेवर, आणि ट्रंकेभोवती कुंकू.

दुसऱ्या दिवशी जीप परत आली तर रांग पारापासून नाल्यापर्यंत! कडेवरची पोरं, म्हाताऱ्या, कपाशीत लपणारे झाडून सगळे. कडुनिंब मात्र कोणी काढला नाही. तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की! झालं हो. पण माझे चार्ट, माझी भाषणं, माझं विज्ञान? सगळं श्रेय मातेच्या पदरात, आणि जहाज माझ्यावाचून मोंबाशाच्या वाटेवर. रडावं तरी कोणाजवळ?

शेवटी घोंगडी पांघरून मी त्या रांगेपाशी गेलो. निदान एका माणसाला तरी खरं कळावं!

"काकू, शपथेवर सांगतो, ती माता नव्हती. मीच बोललो होतो. मी!"

सखूकाकू नुकतीच टोचून आली होती. दंडावर फुंकर घालत तिने माझ्याकडे फार कीव करून पाहिलं.

"तू तं पावसाळ्यापासून बोलूनच राह्यला होता, बाबू. तुह्यं कोनं आयकलं?"