रबरी अळी ओवण्याची साहेबी पद्धत

पन्नाशी उलटल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, मी माशांच्या नादी लागलो. धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी तेव्हा साहेबांच्या टिप्पण्या लिहायचं काम करत होतो. त्यांच्या मनात काय आहे ते ओळखून आधीच कागदावर उतरवायचं, आणि त्यांनी ते वाचून "माझ्या अगदी मनातलं लिहिलंत" म्हटलं की मान झुकवायची. या कामात डोक्याला ताण नसतो, पण मानेला फार असतो.

मोबाईलवर एकदा अमेरिकेतल्या एका गृहस्थाचा व्हिडिओ लागला. तो बास नावाचा मासा रबरी अळीवर पकडत होता. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. तीही तशीच पाणगवतात दबा धरून बसते, समोरून काही वळवळत गेलं की झडप घालते. म्हणजे अळी अमेरिकेची आणि मासा खानदेशचा, असा संसार जमायला हरकत नव्हती. मी गळकाठी मागवली, आणि अळ्यांची पाकिटं मागवायला लागलो ती थांबेनात. काळी, हिरवट, निळ्या ठिपक्यांची, वळणाऱ्या शेपटीची, बेडकाच्या पायांची.

पहिली खेप मी स्कूटरच्या डिकीत ठेवली. एप्रिलचा महिना. संध्याकाळी उघडून पाहतो तर चाळीस अळ्यांचा एक गोळा झालेला. तेव्हापासून अळ्या घरच्या फ्रीजमध्ये गेल्या. माझी बायको सावद्याची, केळीवाल्या घरातली, माहेरी अंडंसुद्धा कधी शिजलेलं नाही. तिने पाकीट उघडून वास घेतला.

"याला बडीशेपेचा वास येतोय."

"माशाला आवडतो तो."

"जेवण झाल्यावर देतात का त्याला?" ती म्हणाली, आणि अळ्यांना खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीपासून लांब जागा दिली. तिच्या माहेरचे कुणी आले की ती त्या कप्प्यावर वर्तमानपत्र अंथरायची.

सोनगीरच्या किल्ल्यापलीकडे एक पाझर तलाव आहे. त्याचा मासेमारीचा ठेका जवळच्या गावातल्या एका घराकडे होता. त्या घरातली अक्का काठावर बाभळीखाली बसून जाळी विणायची. तिची परवानगी काढून मी रविवारी तिथे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी तिने माझी गळाला ओवलेली अळी दोन बोटांत धरून ताणली, सोडली, परत ताणली.

"हाई बठ्ठं रबरनं शे?"

"हो अक्का, सगळं रबरच."

"मंग ते टोक उघडं कसाले ठेवं? गवतमा अडकी ना."

व्हिडिओतल्या गृहस्थाने अर्धा तास घेऊन जे सांगितलं होतं, ते हिने एका वाक्यात सांगितलं. गळाचं टोक अळीच्या तोंडातून आत घालायचं, जरा पुढे गेलं की खालून बाहेर काढायचं, गळ उलटा फिरवायचा, आणि मग अळी सरळ धरून तेच टोक तिच्या पोटात लपवायचं. अळी जराही वाकडी राहिली तर पाण्यात गरगर फिरते आणि दोरीला पीळ बसतो. सरळ राहिली तर गवतातून बिनबोभाट सरकत येते, आणि मरळीने चावल्यावरच टोक बाहेर निघतं. मला हे जमायला दोन महिने लागले. जमल्यावर चार मरळी लागल्या. मी त्या अक्काला दिल्या, कारण आमच्या घरात मेलेल्या माशाला कोथिंबिरीजवळ काय, बिल्डिंगच्या जिन्यातही जागा नव्हती.

हे साहेबांच्या कानावर गेलं. कसं गेलं ते माहीत नाही. आमच्या कार्यालयात पावसाच्या पाण्याला वाट सापडत नाही, पण बातमीला सापडते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सगळं ऐकलं आणि आठ दिवसांत माझ्या तिप्पट सामान मागवलं. त्यांच्या खणात सहीच्या पेनांशेजारी अळ्या आल्या. रंग कुठला घ्यावा यावर चर्चा झाली. मी म्हणालो, "पाणी गढूळ असेल तर काळा किंवा गडद निळा, निवळ असेल तर हिरवट." साहेब म्हणाले, "जांभळा घेऊ. ठसठशीत दिसतो." मी म्हणालो, "जांभळा उत्तमच." ही माझी पहिली चूक. पण माझ्या नोकरीत तिला चूक म्हणत नसत, अनुभव म्हणत.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. कार्यालयाची जीप त्या दिवशी कागदोपत्री पाहणी दौऱ्यावर होती. साहेबांनी टोपी, खिशाखिशांचं जाकीट आणि काळा चष्मा घातला होता. तलाव भरलेला, काठाकाठाने हिरवं गवत. अक्का नेहमीच्या जागी होती. तिने साहेबांकडे एकदा पाहिलं आणि जाळी बाजूला ठेवली. काहीतरी बघायला मिळणार हे तिला कळलं असावं.

साहेबांनी जांभळी अळी गळात ओवली. कुठल्याशा दुसऱ्या व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे गळाचं टोक त्यांनी अळीच्या पाठीतून सरळ बाहेर काढून ठेवलं. चांगला अर्धा इंच.

"टोक आत लपवतात म्हणे," ते म्हणाले. "पण ते काही मला पटत नाही. मासा लागायचा तर गळ उघडा पाहिजे. आपलं सगळं काम उघड. बरोबर आहे ना?"

मला माहीत होतं की समोर इतकं गवत असताना हे चालणार नाही. अक्कालाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"एकदम बरोबर, साहेब," मी म्हणालो.

पहिल्याच फेकीत अळी गवतात पडली आणि गळ अडकला. साहेबांनी हिसका दिला. निघेना. दुसरा दिला. काठी वाकून धनुष्य झाली, दोरी तारेसारखी ताणली. मी म्हणणार होतो की साहेब, काठी खाली करा, दोरी हातात धरून हळू ओढा. पण साहेब जोर लावत असताना मध्ये बोलायची मला सवय नव्हती. तिसऱ्या हिसक्याला गळ सुटला आणि सगळंच आमच्या दिशेने उडत आलं. साहेब "आई गं" म्हणून खाली बसले.

उजव्या कानाच्या पाळीत गळ खोल रुतला होता. खाली सहा इंचांची जांभळी अळी लोंबत होती आणि वाऱ्याने शेपटी हलवत होती. ती हालचाल फार नैसर्गिक होती, पैसे वसूल म्हणावी अशी.

अक्का उठून जवळ आली. "मासा सोडीसन साहेबच लागना का?" ती म्हणाली. मग साहेबांचा चेहरा पाहून तिने स्वतःची पाण्याची बाटली त्यांच्यासमोर धरली.

गळाला उलटा काटा असतो, ओढला तर आणखी फाडतो. म्हणून दोरी कापून साहेबांना तसंच जीपमध्ये बसवलं आणि सोनगीरला एका दवाखान्यात नेलं. मी अळी खेचून काढू पाहिली, पण ती गळावर घट्ट बसली होती, आणि प्रत्येक ओढीला साहेब माझा दंड धरत. अखेर अळीसकट रांगेत बसलो. समोरच्या बाकावर एक आबा खोकत होते. त्यांनी बराच वेळ निरखून मला विचारलं, "हाई नवी भिकबाळी शे का?"

डॉक्टर तरुण होते. हसू दाबायला त्यांना दोनदा मागे वळून कपाटातलं काहीतरी शोधावं लागलं. त्यांनी कान बधिर केला, कात्रीने अळी कापली, मग गळ मागे न ओढता पुढे रेटून काटा पाळीबाहेर काढला. तो तोडायला जीपमधली पक्कड स्पिरिटने पुसून वापरली. कट्ट असा आवाज झाला. साहेबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता. एवढ्या वर्षांत साहेबांचा हात मी प्रथमच धरत होतो. तो घामाने ओला होता आणि साध्या माणसाच्या हातासारखाच होता. मला लाज वाटली. "बरोबर" या एका शब्दाऐवजी "अडकेल" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

सोमवारी कानाला पट्टी लावून साहेब आले. त्यांनी सांगितलं, गांधीलमाशी चावली. दुपारपर्यंत सगळं कार्यालय गांधीलमाश्यांविरुद्ध पेटून उठलं. आवारातली पोळी शोधून नष्ट करण्याबाबत टिप्पणी निघाली. ती अर्थात मीच लिहिली. शोध घेतला तर रेकॉर्ड रूमच्या खिडकीत खरोखरच एक पोळं सापडलं आणि दोन शिपायांना माश्या चावल्या. त्यामुळे मूळ घटनाही खरी ठरली.

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"टोक उघडं ठेवायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो साहेब."

"मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं, बरोबर आहे ना म्हणून."

ते खुर्चीत मागे टेकले आणि माझ्या मागच्या कपाटाकडे बघत राहिले. त्यात त्यांनी मंजूर केलेल्या फायली होत्या, ओळीने, प्रत्येकीत माझी टिप्पणी. मग खण उघडून त्यांनी एक अळी आणि एक गळ टेबलावर ठेवला.

"दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी केलं आणि माझ्यासमोर धरलं. अळीच्या पोटात बाक आला होता. माझ्या तोंडात "वा" आलेला होता, तो मी गिळला. गिळायला कष्ट पडले.

"वाकडी आहे, साहेब."

त्यांनी काढून पुन्हा ओवली.

"अजून वाकडी."

पाचव्या वेळी सरळ जमली. खरं सांगतो, तिसऱ्या वेळी तितकीशी वाकडी नव्हती. पण "वाकडी आहे" म्हणायची मला तोवर चटक लागली होती.

पुढच्या रविवारी साहेबांच्या स्वतःच्या गाडीतून गेलो. टोपी नाही, जाकीट नाही, आणि अळी काळी. अक्काने आधी साहेबांचा कान तपासला, मग अळी तपासली, आणि म्हणाली, "आते जमनं." तासाभराने गवताच्या कडेला पाणी फुटलं आणि साहेबांना मरळ लागली. दीड वीत असेल. साहेब लहान पोरासारखे ओरडले. ते स्वतः माळकरी, म्हणून त्यांनी मासा अक्काला दिला, आणि अक्काने त्यांना पिशवीभर ओल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या. परतताना गाडीत आम्ही शेंगा खाल्ल्या आणि साहेबांनी मला तीनदा सांगितलं की माणसाजवळ खरं बोलणारा एक तरी हवा.

सोमवारच्या बैठकीत चहा आल्यावर साहेबांनी मरळीची हकिगत सांगितली. त्यांच्या दोन हातांमधलं अंतर चांगलं हातभर होतं. सगळे "वा वा" म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढी होती ना?"

मला वाटलं, हीच ती वेळ.

"दीड वीत होती, साहेब."

बैठक लवकर संपली. त्याच आठवड्यात माझी बदली आवक-जावक विभागात झाली. तिथे फक्त शिक्के मारायचे असतात, मत लागत नाही. बायको म्हणाली, "अर्धी वीत खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" तिचं बरोबर होतं, आणि मी तिला तसं सांगितलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. साहेबांचा होता. "उद्या सकाळी सहाला तयार राहा," ते म्हणाले. "आणि येताना काळ्या अळ्या आणा. माझ्या संपल्या."